हृदयातले कॅल्शियम आणि दुधाचा पेला

हृदयविकाराचा झटका येऊन दहा-बारा वर्षे लोटलेली असतात. सकाळचे फिरणे, औषधांच्या वेळा, वर्षातून एकदा तपासणी, असे सारे सुरळीत चाललेले असते. मग कधी तरी रेंगाळलेल्या खोकल्यासाठी छातीचा सी.टी. स्कॅन होतो, किंवा नेहमीचाच इको होतो, आणि अहवालात एक नवी ओळ दिसते: डाव्या जवनिकेच्या भिंतीत कॅल्सिफिकेशन. जवनिका म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, हे घरात फारसे कोणाला ठाऊक नसते. कॅल्शियम हा शब्द मात्र सर्वांना ठाऊक असतो. त्यामुळे संध्याकाळपर्यंत निर्णय होऊन जातो. आजोबांचे दूध बंद, नाचणीचे सत्त्व बंद आणि खबरदारी म्हणून आजींच्या हाडांच्या गोळ्याही कपाटात मागे.

हा निर्णय एका चुकीच्या समजुतीवर उभा आहे आणि उतारवयात त्याची किंमत हाडांना मोजावी लागते. न्हाणीघरात पाय घसरतो आणि खुब्याचे हाड मोडते. सत्तरीनंतर हे किती भारी पडते, ते ज्या घरांनी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. म्हणून झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूत कॅल्शियम का साचते, ते कोठून येते, त्यात कशाला भ्यावे आणि कशाला भिऊ नये, हे आज जरा विस्ताराने पाहू.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असते. त्यातले 99 टक्के हाडांत आणि दातांत असते. उरलेला एक टक्का रक्तात आणि इतर पेशीजालात फिरत असतो, आणि स्नायूंचे आकुंचन, रक्त गोठणे, मज्जातंतूंचे संदेश ही सारी कामे त्याच्यावर चालतात. रक्तातील त्याचे प्रमाण साधारणपणे 100 मिलिलिटरमागे 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम एवढ्या अरुंद मर्यादेत राखले जाते. गळ्यातील परावटू ग्रंथी, ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडे हे काम अहोरात्र करीत असतात. आहारातून कॅल्शियम कमी आले, तर परावटू ग्रंथी हाडांच्या ठेवीतून उचल करतात आणि रक्तातील पातळी जागच्या जागी ठेवतात. तेव्हा दुधाचा पेला बंद केल्याने रक्तातले कॅल्शियम जवळजवळ हलत नाही. हलते ती हाडांची ठेव. हृदयात साचलेल्या कणांना त्याची वार्ताही नसते.

मग हे कण येतात कोठून? शरीरात नको तेथे कॅल्शियम साचण्याला वैद्यकात कॅल्सीभवन म्हणतात आणि त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. एका प्रकारात रक्तातील कॅल्शियम किंवा फॉस्फेट खरोखरच वाढलेले असते आणि ते निरोगी अवयवांतही बसू लागते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी 1855 मध्ये या प्रकाराचे वर्णन केले होते. दुसऱ्या प्रकारात रक्तातील कॅल्शियम अगदी व्यवस्थित असते. बिघाड असतो तो जागेचा. मेलेल्या किंवा जखमी झालेल्या ऊतीत कॅल्शियम बसते. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे कॅल्सीभवन बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारचे असते. जागा महत्त्वाची आहे, दूध नव्हे.

ही जागा कशी तयार होते, ते पाहण्यासारखे आहे. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिनीत गुठळी अडकली की तिच्या पुढचा स्नायू प्राणवायूविना तडफडतो आणि अर्ध्या तासाच्या आसपास त्यातील पेशी मरू लागतात. हृदयाच्या स्नायुपेशी पुन्हा जवळजवळ उगवत नाहीत. ती पोकळी भरून काढण्याचे काम तंतुजनक पेशी करतात. त्या कोलॅजेनचे चिवट धागे विणतात आणि काही आठवड्यांत तेथे घट्ट वण तयार होतो. हा वण शत्रू नव्हे. तो वेळेवर आणि पक्का तयार झाला नाही, तर हृदयाची भिंत फाटण्याचा धोका असतो. फक्त तो आकुंचन पावत नाही आणि वीज वाहून नेत नाही. त्यामुळे झटका जितका मोठा, तितके पुढे हृदयाचे बळ कमी.

जिवंत पेशीच्या आत कॅल्शियमचे प्रमाण बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारपट कमी असते. पेशी मेली, तिचे आवरण फाटले, की बाहेरचे कॅल्शियम आत लोटते, तेथील फॉस्फेटशी त्याची गाठ पडते आणि स्फटिक तयार होतात. हे स्फटिक हाडांतल्या स्फटिकांच्याच जातीचे असतात. बरीच वर्षे असे समजले जात होते की एवढ्यानेच सारे घडते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरात गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तसाच हाही एक निर्जीव थर. आपल्याकडे ‘हृदयात चुना धरला’ असे म्हणतात, त्यामागेही हेच चित्र आहे.

ते चित्र अपुरे आहे. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डॉ. अर्जुन देब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली या विषयावरील एक संशोधन प्रसिद्ध केले. जखमी झालेल्या उंदरांच्या हृदयात त्यांना असे दिसले, की वण विणणाऱ्या तंतुजनक पेशींपैकी काही आपला पेशा सोडून हाडे घडविणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. कॅल्शियम नुसते साचत नव्हते. त्या पेशी ते रचत होत्या. अशा पेशी काढून निरोगी उंदरांच्या कातडीखाली ठेवल्या, तर तेथेही कॅल्शियम साचू लागले. त्यांच्या या वागण्यात एन्प्प-1 नावाच्या एका विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, मोठा वाटा असल्याचे त्यांना आढळले. त्या विकराला अटकाव करणारी रेणुद्रव्ये, तसेच एटिड्रोनेट हे हाडांच्या विकारातले जुने औषध वापरून पाहिले, तेव्हा उंदरांच्या हृदयातील कॅल्सीभवनाला आळा बसला.

हृदयाच्या ऊतीला हाड घडविता यावे, याचे नवल वाटून घेण्याचे कारण नाही. बैलाच्या हृदयात महारोहिणीच्या मुळाशी एक लहानसे हाड निसर्गतःच असते. माणसात ते नसते. पण तंतुमय ऊती आणि हाड यांचे नाते किती जवळचे आहे, हे त्यावरून कळते.

आता येथे थोडे थांबले पाहिजे, कारण अशा बातम्या मोबाइलवरून फिरू लागल्या की ‘हाडांची गोळी घेतली तर हृदयातले कॅल्शियम विरघळते’ असे त्यांचे रूप होते. एटिड्रोनेटच्या कुळातली अलेंड्रोनेटसारखी औषधे आपल्यापैकी अनेक जणी अस्थिविरळतेसाठी आठवड्यातून एकदा घेतात. ती हृदयासाठी घेऊ नयेत. झाले ते प्रयोग उंदरांवरचे, आणि तेही साचणे रोखण्याचे. माणसाच्या वर्षानुवर्षांच्या टणक साठ्यावरचे नव्हेत. शिवाय या विकराची दुसरी बाजूही आहे. जन्मतः ज्या बालकांत एन्प्प-1 काम करीत नाही, त्यांच्या रोहिण्यांत तान्हेपणीच कॅल्शियम साचते आणि तो आजार प्राणघातक ठरू शकतो. एका ठिकाणी ज्याच्या जास्तीने बिघडते, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याच अभावाने बिघडते. अशा विकराला रोखणारे औषध माणसांसाठी बनविणे सोपे का नाही, ते यावरून लक्षात यावे.

अहवाल हाती आल्यावर डॉक्टरांना पहिला प्रश्न ‘काय खाऊ नये’ हा विचारू नका. ‘कॅल्शियम नेमके कुठे आहे’ हा विचारा. कारण हृदयात ते निरनिराळ्या जागी असू शकते आणि प्रत्येक जागेचा अर्थ वेगळा असतो.

हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत असेल, तर ते रोहिणीकाठिण्याचे चिन्ह आहे. ज्यांना झटका येऊन गेला आहे त्यांना हा विकार आहे, हे आधीच ठाऊक असते. त्यामुळे 1990 साली अमेरिकेत आर्थर अॅगॅटस्टन यांच्या नावाने रूढ झालेला कॅल्शियम स्कोअर ज्यांना झटका आला आहे किंवा स्टेंट बसविला आहे, त्यांच्याबाबत फारसे काही नवे सांगत नाही. तपासणीच्या पॅकेजमध्ये तो सवलतीत मिळतो म्हणून काढून घेऊ नये, असे मी स्पष्टच म्हणेन. स्टॅटिन गटातील औषधांनी हा आकडा कधी कधी वाढतो, हेही ध्यानात असावे. वाहिनीतील मऊ, फुटण्याजोगा थर टणक आणि स्थिर होत असल्याची ती खूण असू शकते. आकडा वाढला म्हणून स्टॅटिन बंद करणे म्हणजे रोग्याला पुन्हा झटक्याच्या दारात नेणे.

हृदयावरणात, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीत कॅल्शियम असेल, तर आपल्या देशात पूर्वी होऊन गेलेल्या क्षयाचा विचार करावा लागतो. पोट आणि पाय सुजत असतील, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावीच.

महारोहिणीच्या मुळाशी असलेल्या झडपेत ते असेल, तर मामला अधिक लक्ष देण्याजोगा. झटक्याशी त्याचा थेट संबंध नसतो; पण वय तेच, माणूस तोच, म्हणून दोन्ही एकत्र आढळतात. ही झडप टणक होत होत अरुंद होते. चालताना दम लागणे, छातीत दुखणे, श्रम केल्यावर भोवळ येणे ही तिची लक्षणे. झडपेतले कॅल्सीभवन औषधाने थोपवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कोलेस्टेरॉल उतरविणाऱ्या औषधांनी झडपेचे अरुंद होणे थांबले नाही. झडप फारच अरुंद झाली आणि त्रास सुरू झाला, की ती बदलणे हाच उपाय. मात्र आता त्यासाठी प्रत्येक वेळी छाती उघडावी लागत नाही. फ्रान्समधील रूआँ येथे अलँ क्रिबिए यांनी एप्रिल 2002 मध्ये रक्तवाहिनीतून नळी नेऊन माणसात पहिल्यांदा अशी झडप बसविली. आज ऐंशीच्या पुढच्या रुग्णांसाठीही हा मार्ग भारतातील मोठ्या रुग्णालयांत उपलब्ध आहे. खर्च मात्र मोठा आहे.

आणि आपला आजचा विषय, जुन्या वणातले कॅल्शियम. ते बहुधा मोठा झटका येऊन गेलेल्यांत, विशेषतः जेथे भिंत पातळ होऊन फुग्यासारखी बाहेर आली आहे तेथे दिसते. साध्या एक्स-रेत कधी तरी बारीक वक्र रेघ उमटते, सी.टी.त ते अधिक स्पष्ट दिसते. बहुसंख्य रुग्णांत ते कित्येक वर्षे निमूट पडून असते. रुग्णाचे भवितव्य त्या पांढऱ्या रेघेपेक्षा हृदय किती जोराने रक्त फेकते, यावर अधिक अवलंबून असते. इकोच्या अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणून जो टक्का लिहितात तो हा. ‘कॅल्सिफिकेशन’ या शब्दाखाली लाल रेघ ओढण्यापेक्षा हा टक्का गेल्या वर्षी किती होता आणि आज किती आहे, हे पाहा.

भीती बाळगावी अशी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती विजेची आहे. हृदयाचे ठोके एका सूक्ष्म विद्युत्प्रवाहावर चालतात. वण आणि त्यातील टणक साठे ही त्या प्रवाहाच्या वाटेतली खडकाळ जागा. प्रवाह तेथे वळसे घेऊ लागला, तर एकाएकी अतिजलद आणि धोकादायक ठोके सुरू होऊ शकतात. उलट, कॅल्शियम प्रवाहाच्या मुख्य वाटेतच बसले, तर संदेश खाली पोहोचत नाही आणि ठोके मंदावतात. याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतल्या ‘ब्लॉकेज’शी त्याची गल्लत करू नये. एक नळातला अडथळा, दुसरा तारेतला. तारेतल्या अडथळ्यावर पेसमेकर हा चांगला उपाय आहे.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी नाडी मोजायला शिकावे. रक्तदाबाच्या यंत्रावरचा आकडा उपयोगी आहे, पण ठोके अनियमित असले की ते यंत्र गोंधळते. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे अलगद ठेवा आणि घड्याळ पाहून पूर्ण एक मिनिट मोजा. आठवड्यातून दोनदा, एकाच वेळी, वहीत लिहून ठेवा. नेहमी साठ-पासष्ट असणारी नाडी चाळीसवर आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ठोके मंद करणारी औषधे हृदयरुग्णांना दिलेलीच असतात. तीही कारण असू शकतात, मात्र ती आपल्या मनाने एकदम थांबवू नयेत.

शुद्ध हरपली तर वाट पाहू नका. आपल्या घरांतून ‘उपाशीपोटी होते’, ‘पित्त चढले’, ‘ऊन लागले’ अशी कारणे फार पटकन सापडतात. ज्याला पूर्वी झटका आला आहे, तो माणूस दोन क्षण जरी बेशुद्ध झाला, तरी तो हृदयाचाच प्रश्न आहे असे धरून चालावे आणि त्याच दिवशी ईसीजी काढावा. छातीत धडधड होऊन भोवळ आली, तर महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे 108 वर रुग्णवाहिका मिळते. रिक्षाच्या शोधात जिना उतरवू नका. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढणे, घोट्यांवर सूज, रात्री आडवे पडल्यावर दम लागून उशा वाढवाव्या लागणे, ही हृदयाचे बळ कमी होत असल्याची लक्षणे आहेत. ती लपविण्याकडे वडीलधाऱ्यांचा कल असतो. मुलांना त्रास नको, म्हणून ते दोनच्या तीन उशा गुपचूप करतात. तेव्हा उशा मोजण्याचे काम सुनेने किंवा मुलाने करावे.

आता उपायांच्या बाजाराविषयी. ‘विना ऑपरेशन बायपास’ अशा जाहिराती आपण वर्तमानपत्रांतून पाहिल्या असतील. त्यांतला एक प्रकार म्हणजे चिलेशन. शिरेतून ईडीटीए नावाचे द्रव्य देतात; ते कॅल्शियमला बांधून बाहेर काढते, असे सांगितले जाते. मुळात हे शिशाच्या विषबाधेवरचे औषध. अमेरिकेत झटका येऊन गेलेल्या 1708 जणांवर त्याची चाचणी झाली आणि 2013 साली निकाल आला: थोडा लाभ दिसला, मुख्यतः मधुमेहींत. म्हणून मधुमेही रुग्णांवर ती पुन्हा करण्यात आली. 2024 साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. रक्तातले शिसे उतरले. पण पुढचे झटके आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. ईडीटीएचा चुकीचा प्रकार दिल्याने रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरून मृत्यू झाल्याच्याही नोंदी आहेत. ज्या द्रव्याने रक्तातले कॅल्शियम उतरते, त्याची भरपाई शरीर हाडांतूनच करणार, हे आपण वर पाहिले आहे. निवृत्तीच्या पुंजीतून दर आठवड्याला बाटल्या चढवून घेण्याआधी याचा विचार व्हावा.

दुसरी चलती के-2 जीवनसत्त्वाची. ‘कॅल्शियमला हृदयातून उचलून हाडात नेते’ अशी त्याची ख्याती. डेन्मार्कमध्ये झडपेत कॅल्शियम साचलेल्या 365 पुरुषांवर दोन वर्षे त्याची, ड जीवनसत्त्वाच्या जोडीने, चाचणी झाली. 2022 मध्ये आलेल्या निकालात साचण्याचा वेग कमी झाला नव्हता. आणि ज्यांना वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल ही रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत, त्यांना के जीवनसत्त्वाच्या गोळ्या थेट धोक्याच्या आहेत. औषधाचा परिणाम पुसला जाऊन गुठळी होऊ शकते.

जिच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, ती ड जीवनसत्त्वाची 60,000 एककांची साप्ताहिक पुडी. ती ठरावीक आठवड्यांसाठी लिहून दिलेली असते. पण चिठ्ठी जुनी झाली तरी दुकानदार देत राहतो आणि आपण घेत राहतो. ड जीवनसत्त्व अति झाले तर रक्तातील कॅल्शियम खरोखर वाढते आणि मग फिर्खो यांनी सांगितलेला पहिला प्रकार घडू शकतो. मळमळ, बद्धकोष्ठ, वारंवार लघवी, गुंगी अशी लक्षणे दिसली, तर पुडी थांबवून रक्तातील कॅल्शियम तपासून घ्यावे. मूत्रपिंडाचा जुना विकार असणाऱ्यांची गोष्टही निराळी. त्यांच्या रक्तात फॉस्फेट साठते, म्हणून त्यांचे दूध, डाळी आणि गोळ्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या सांगण्यानुसारच असाव्यात.

बाकीच्यांनी दूध, ताक, दही, नाचणी, तीळ निर्धास्तपणे घ्यावे. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. पावशेर दुधातून 300 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे बहुतेक घरांत प्रश्न जास्तीचा नसून कमीचा आहे. गोळ्यांबाबत मात्र मते एक नाहीत. काही अभ्यासांत गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकार किंचित अधिक आढळला, काहींत आढळला नाही. म्हणून जेवढे आहारातून कमी पडते तेवढेच गोळीतून घ्यावे, जेवणाबरोबर घ्यावे आणि अस्थितज्ज्ञ व हृदयतज्ज्ञ अशा दोघांनी दोन वेगवेगळ्या नावांनी तीच गोळी लिहिली नाही ना, हे पाहावे. हे दुसरे वाटते त्याहून अधिक वेळा घडते.

तपासणीला जाताना झटक्याच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, त्यानंतरचे सगळे इको, स्कॅनची सीडी आणि नाडीची वही, हे सारे तारखेच्या क्रमाने एका फाइलीत न्यावे. वणातले कॅल्शियम नवे आहे की दहा वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्येही ते होते, हे त्या फाइलीवाचून कळत नाही. मग तुलनेसाठी डॉक्टरांना पुढच्या इकोपर्यंत थांबावे लागते.